उजेडाची बाजू

मोठ्या काकूंना टेकडीवर न्यायचं ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की त्या आजवर कधी वर गेलेल्याच नाहीत.

तसं पाहिलं तर यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दर वर्षी स्मृतिदिनाला सगळं कुटुंब इस्त्रीचे कपडे घालून टेकडीवरच्या युद्धस्मारकाला जायचं. काकूंचे यजमान, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, तिथे दगडात कोरलेले होते. पण त्याच दिवशी इतरांच्या घरचे लोकही नटूनथटून फोटो काढायला स्टुडिओत येत. धंद्याचा दिवस. कारागीर फोटो काढायचा, पण गल्ल्यावर घरचंच माणूस हवं. तेव्हा हुतात्म्याच्या भावाने, पुतण्याने आणि पुतण्याच्या बायकोने वर जायचं आणि हुतात्म्याच्या बायकोने खाली गल्ला सांभाळायचा, अशी कामाची वाटणी पडून गेली होती. कोणी तसं ठरवलं नव्हतं. या घरात वाईट गोष्टी कोणी ठरवत नसे. त्या आपल्या आपण पडायच्या आणि मग कोणी उचलायचं नाही.

या वर्षी मात्र गरज पडली होती. स्टुडिओची इमारत पाडून तिथे समारंभांसाठी हॉल बांधायचा, असं आप्पांच्या वकील मुलाने मनात आणलं होतं. इमारत दोघा भावांच्या नावावर, त्यातली अर्धी आता काकूंची, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काकू राहत होत्या. मागच्या महिन्यात जिन्याखाली त्यावरून जे रामायण झालं त्यात आप्पांना घाम फुटला आणि वकिलाची बायको दोनदा दार आपटून गेली. काकूंसाठी एक छानसा वृद्धनिवास बघून ठेवला होता. बाग होती, नर्स होती, खिडकीतून डोंगर दिसत होता.

"आणि आम्ही दर रविवारी येऊ," वकील म्हणाला होता. "दर रविवारी, काकू. नेम चुकणार नाही."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला एकदा वर न्या. ह्यांचं नाव डोळ्यांनी बघू दे. तिथेच सही करून देते."

वकिलाला आपल्या सगळ्या कारकिर्दीत इतकी स्वस्त तडजोड कोणी देऊ केली नव्हती. त्याने संमतीपत्र त्याच संध्याकाळी टाइप करून घेतलं आणि स्मृतिदिनाला स्टुडिओ चक्क बंद ठेवायचं ठरवलं.

*

गाडीत काकूंना पुढे, गाडी चालवणाऱ्या वकिलाशेजारी बसवण्यात आलं. घाटाची वळणं सुरू झाली तेव्हा मागे बसलेल्या वकिलाच्या बायकोच्या मनात खुर्चीचा रंग घोळत होता. ती दातांची डॉक्टर. घरात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, त्यात आदर किती आणि टोमणा किती हे म्हणणाऱ्याच्या मूडवर असे. नव्या इमारतीत तळमजल्याची कोपऱ्यावरची जागा तिच्या दवाखान्याला मिळायची होती. तशी नणंदेलाही मिळायची होती, स्टुडिओसाठी. वकिलाने कोपऱ्यावरची ती एकच जागा दोघींना कबूल केली होती आणि दोघींनाही ‘तिला इतक्यात सांगू नकोस’ असं बजावलं होतं.

"काकू, एसी कमी करू का? तुम्हाला गार लागत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"लागतंय खरं."

"अहो, कमी करा ना! काकूंना गार लागतंय."

आप्पांची धाकटी मुलगी तिच्या शेजारी मांडीवर कॅमेऱ्याची तिपाई घेऊन बसली होती. स्टुडिओ आता तीच चालवत होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वहिनी, जिन्यावर बल्ब नव्हता तेव्हा काकूंना काय लागतंय ते नव्हतं विचारलंत."

"बघ हं. मी बोलले तरी पंचाईत, नाही बोलले तरी पंचाईत."

"भांडू नका गं," आप्पा म्हणाले. "आज मोठा दिवस आहे."

आप्पांच्या पायांशी ब्लँकेटात गुंडाळलेला लाकडी कॅमेरा होता. त्यांच्या आजोबांनी त्या कॅमेऱ्यावर धंदा सुरू केला. एरवी तो काचेच्या कपाटात असे. वर्षातून एकदा, टेकडीवरचा कुटुंबाचा फोटो काढायला, बाहेर यायचा. तो फोटो वर्षभर स्टुडिओच्या शोकेसमध्ये लागायचा आणि खाली पाटी, ‘शूराच्या घराण्याचा स्टुडिओ’. गिऱ्हाइकांवर तिचा चांगला परिणाम व्हायचा. हुतात्म्याच्या भावाशी घासाघीस करायला लोक बिचकत.

"रविवारी म्हणजे सकाळी येणार की संध्याकाळी?" काकूंनी एकदम विचारलं.

वकिलाने आरशातून मागे बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाल तसं," वकील म्हणाला.

"सकाळी या. म्हणजे मला दिवसभर वाट बघत बसायला नको."

आप्पांनी हलकेच नि:श्वास सोडला. वहिनी सही करणार होत्या. त्यांना वाईटही वाटलं, पण ते खालच्या वळणाला वाटलं आणि वरच्या वळणापर्यंत संपलं.

*

टेकडीवर गेल्या काही वर्षांत फार सुधारणा झाल्या होत्या. गाड्यांना जागा झाली होती, नाणं टाकून बघायची दुर्बीण आली होती, कठड्याला स्टीलचे चकचकीत पाइप लागले होते. एका पाटीवर लिहिलं होतं, ‘येथून दिसणारे दृश्य अविस्मरणीय आहे’, म्हणजे लोकांनी आपल्या मनाने काही ठरवायला नको. आणि दृश्य खरोखरच चांगलं होतं. खाली नदीचं वळण, पलीकडे रेल्वेचा पूल, त्यापलीकडे कारखान्यांची धुरांडी, तीही वरून सुंदर दिसत. लोक कठड्याला ओळीने टेकून दृश्याकडे पाठ करून उभे होते आणि हातातल्या मोबाइलमध्ये स्वतःला बघत होते.

मधोमध स्मारकाचा चौकोनी दगडी स्तंभ. चारी बाजूंना नावं.

या कुटुंबाची जागा ठरलेली होती. दरीकडची बाजू, स्तंभाच्या अगदी पुढ्यात. सकाळचं ऊन तिथे तिरकं पडतं, चेहरे उठून येतात आणि एका कडेला नदीही धरता येते. आप्पांच्या वडिलांनी ती जागा शोधून काढली होती. आप्पा तिथेच तिपाई लावायचे, काळ्या कापडात डोकं घालायचे, सगळ्यांना पुढे-मागे सरकवायचे आणि मग धावत जाऊन स्वतः मधोमध उभे राहायचे. धाकटी शटरचा रबरी फुगा दाबायची. त्यामुळे त्या फोटोंपैकी एकाही फोटोत धाकटी नव्हती. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं पडतं, खाली डोकं वर पाय. म्हणजे आप्पांनी स्मारक नीट निरखून पाहिलं असेल ते आजवर उलटंच.

"वहिनी, इथे, इथे या. हे बघा." आप्पांनी पुष्पचक्र सवयीने स्तंभाच्या पायाशी टेकवलं आणि हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी जोडले. वकिलाने एक डोळा उघडा ठेवला होता.

काकूंनी चष्मा लावला. "कुठे आहे?"

"हे काय. हेच."

"हे सगळं हो. पण ह्यांचं नाव कुठे?"

"असेल ना इथेच. बघा, वरपासून."

काकू वरपासून वाचू लागल्या. त्या हळू वाचत. प्रत्येक नावावर बोट टेकवत आणि पुढे सरकत. आप्पा कॅमेऱ्याकडे गेले. डॉक्टरीणबाईने केस नीट केले. वकिलाने बॅग उघडून पेन चालतंय का ते बघितलं.

"हे सगळे साहेबलोक आहेत," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कर्नल आहेत, मेजर आहेत, कॅप्टन आहेत. शिपाई एकही नाही."

"काका कॅप्टनच होते ना," वकील म्हणाला.

काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कधी झाले?"

आता इथे थोडं सांगायला हवं. थोरले भाऊ सैन्यात ट्रक चालवत. लग्नानंतर एकदा रजेवर आले, नंतर आले नाहीत. त्यांचे वडील होते तोवर घरात त्यांचा उल्लेख ड्रायव्हर असाच व्हायचा. वडील गेल्यावर आप्पांनी त्यांना हवालदार केलं. वकिलाच्या लग्नपत्रिकेत ते सुभेदार झाले. डॉक्टरीणबाईच्या माहेरच्यांनी विचारलं तेव्हा लेफ्टनंट. जिवंतपणी ज्या माणसाला एकही बढती मिळाली नाही, त्याला घरच्यांनी मेल्यावर भराभर वर चढवलं, आणि पगार कोणालाच द्यायचा नसल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

"आप्पा," वकील हळू आवाजात म्हणाला, "काका कोण होते?"

"अरे, ते... सैन्यात होते."

"नाव कुठे आहे?"

"इथेच असणार. बाबांनी ही जागा ठरवली म्हणजे इथेच असणार ना!"

"तुम्ही वाचलंय कधी?"

"मी फोटो काढतो," आप्पा चिडून म्हणाले. "फोटो काढताना पाटी वाचत बसतो का कोणी? तू वाचलंयस?"

"मी पाठ करून उभा असतो!"

"मी पण," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मला तर तुम्हीच सांगितलं, इथे उभी राहा."

"दगड झिजला असेल," वकिलाने सुचवलं. "ऊन-पाऊस. अर्ज करता येईल. काकू, तसं पाहिलं तर..."

पण काकू तिथे नव्हत्या.

*

स्तंभाला वळसा घालायला काही फार चालावं लागत नाही. काकूंच्या गुडघ्यांनाही ते जमलं. एका बाजूला आणखी साहेबलोक होते, वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी सोनेरी रंग भरलेले. त्यापुढची बाजू मागची. तिथून काही दिसत नाही. समोर पाण्याची टाकी, शेजारी स्वच्छतागृह, उपाहारगृहाचे रिकामे सिलिंडर, आणि एक मोठं झाड, त्यामुळे दिवसभर सावली. तिथे रंग भरलेला नव्हता. शिपाई, आचारी, चालक, सगळे दाटीवाटीने, बारीक अक्षरांत. स्तंभाला टेकवून ओले पोछे वाळत घातले होते.

काकूंनी दुसरा पोछा बाजूला केला, तर ते तिथे होते.

घरून निघताना काकूंनी बोलायचं पुष्कळ काही मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. त्यांनी नावावर तळवा ठेवला. दगड गार होता, ओलसर. ह्यांना ऊन सोसत नसेच, त्यांच्या मनात आलं. बरं झालं. मग आणखी एक गोष्ट मनात आली, आणि ती काही केल्या जाईना. इतक्या वर्षांत, दर स्मृतिदिनाला संध्याकाळी, गल्ला मोजून झाल्यावर, त्या आप्पांना विचारायच्या, "ह्यांना भेटलात का हो?" आणि आप्पा सांगायचे, "भेटलो ना, वहिनी. फुलं वाहिली. छान ऊन पडलं होतं त्यांच्यावर." ते ऐकून त्या जेवायला बसायच्या.

सगळी मंडळी वळसा घालून आली. पहिल्यांदाच येत असल्यामुळे डॉक्टरीणबाईचा पाय सिलिंडरला लागला.

"अगं बाई, सापडलं?" ती म्हणाली. "आणि हे पोछे कोणी ठेवलेत? हुतात्म्यांच्या नावावर? तक्रार करायला हवी. अहो, फोटो काढून घ्या या पोछ्यांचा!"

आप्पा नावाकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यांना एकच विषय येत होता.

"इकडे उजेड नाही, वहिनी," ते म्हणाले. "बाबा तरी काय करणार? या बाजूला फोटोच निघत नाही. तुम्ही असं करा, पुढे चला, नेहमीच्या जागी उभ्या राहा. नाव मागाहून लावून घेऊ. हल्ली कॉम्प्युटरवर कळतसुद्धा नाही."

काकू काही बोलल्या नाहीत. वकिलाला तो होकार वाटला. कोर्टातही त्याला पुष्कळदा असं वाटत असे.

"काकू, नाव बघून झालं ना?" त्याने सिलिंडरवर बॅग ठेवून कागद पसरला. "इथे एक आणि इथे एक. मग आपण निवांत चहा घेऊ."

काकूंनी पेन हातात घेतलं. त्याचं टोपण लावलं आणि त्याच्या खिशात परत खोचून दिलं.

"नाही करत सही."

"अहो, पण काकू! तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. गाडीतसुद्धा मनात तेच होतं. म्हटलं, पोरं चांगली आहेत, ह्यांच्याकडे इतकी वर्षं न चुकता जातात. उद्या माझ्याकडेही येतील."

"येणारच ना! दर रविवारी!"

"कुठून येशील, बाबा?" काकूंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो फार लांबपर्यंत ऐकू गेला. "इथपर्यंत गाडीने आलात. फुलं आणलीत. आणि एवढ्याशा खांबाला वळसा घालून मागे यायचं तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. तुम्ही निवासाच्या फाटकाशी उभे राहून फोटो काढाल आणि घरी जाऊन सांगाल, छान ऊन पडलं होतं म्हातारीवर."

आप्पांनी मान खाली घातली. बाकीच्यांनी वेळ न घालवता दोष वाटून घ्यायला सुरुवात केली.

"आप्पांनी सांगायला हवं होतं," वकील म्हणाला.

"मला काय माहीत! बाबांनी..."

"मी तर बाहेरून आलेली," डॉक्टरीणबाई म्हणाली. "माझ्या माहेरी असं चालत नाही. आणि काकू, खरं सांगू? निवासाची कल्पना मला पहिल्यापासून पसंत नव्हती."

"काय?" वकील ओरडला. "अगं, तूच तर..."

"मी फक्त चौकशी केली होती. कोपऱ्यावरची जागा मला देतो म्हणालात म्हणून."

धाकटीने वळून भावाकडे पाहिलं. "कोपऱ्यावरची? ती तू मला देणार होतास."

वकील दरीच्या दिशेने बघू लागला. मध्ये टाकी असल्यामुळे त्याला दरी दिसली नाही.

"वा रे वा," धाकटी म्हणाली. ती पुढच्या बाजूला गेली आणि तिपाईसकट कॅमेरा खांद्यावर टाकून परत आली. सिलिंडर पायाने बाजूला ढकलून तिने तिपाई रोवली.

"काय करतेस?" आप्पा म्हणाले. "इकडे उजेड नाही."

"उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. तुम्हीच शिकवलंत, आप्पा. काकू, तुम्ही आहात तिथेच बसा, त्या चौथऱ्यावर. नाव झाकू नका. तुम्ही सगळे मागे उभे राहा. मी मोजेन तोवर हलायचं नाही."

कोणालाच उभं राहायचं नव्हतं, पण न राहिलं तर कसं दिसेल हाही प्रश्न होता. सगळे उभे राहिले. धाकटी काळ्या कापडाखाली गेली, बाहेर आली, फुगा दाबून धरला आणि सावकाश मोजू लागली.

स्थिर उभं राहणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. वकिलाचा फोन वाजला आणि त्याने तो बंद करायला खिसा चाचपला. डॉक्टरीणबाईला नाकाशी माशी आली, शिवाय आपण काकूंच्या जवळ दिसायला हवं असं वाटून ती एक पाऊल पुढे सरकली. आप्पांनी बराच वेळ दम धरला. मग झाडातून उन्हाची एक तिरीप पलीकडच्या बाजूला पडली आणि त्यांची मान आपोआप तिकडे वळली.

काकू हलल्या नाहीत. त्यांना घाई नव्हती. त्यांना कुठे जायचंच नव्हतं.

*

तो फोटो आता शोकेसमध्ये आहे. वकिलाने दोनदा काढायला सांगितलं, पण शोकेस तळमजल्यावर, तळमजला अर्धा काकूंचा, आणि किल्ली धाकटीकडे. हॉलचा नकाशा कपाटावर धूळ खात पडला आहे. डॉक्टरीणबाई रोज दुपारी काकूंना डबा पाठवते. काकू डबा घेतात, आभार मानतात आणि सहीचा विषय निघाला की त्यांना ऐकू येत नाही.

फोटो उत्तम आला आहे. मधे दगड, दगडावर बारीक अक्षरांतलं एक नाव, त्याखाली चष्मा लावलेली एक म्हातारी, केसाकेसापर्यंत स्वच्छ. मागे धुरकट असं काहीतरी आहे. एकाला दोन हातांऐवजी चार दिसतात, एकीचं तोंड वाहून गेलं आहे, एकाला मानच नाही.

पासपोर्टचे फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक कधीकधी वाकून बघतं. "आजी, ह्या तुम्ही, हे तर कळलं. पण मागे हे कोण हो?"

काकू सुटे पैसे मोजता मोजता मान वर करून बघतात.

"ते होय? व्ह्यू बघायला आलेले लोक."